वडिलांच्या पश्चात घरचे हिशेब: खाते आधी बंद करावे की वही आधी लिहावी?

वहीचे_पान

माझ्या वडिलांचे तीन आठवड्यांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने अकस्मात निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते आणि एका खासगी कंपनीत नोकरीस होते. घरी आई, ८१ वर्षांची आजी (वडिलांची आई), मी आणि २२ वर्षांचा धाकटा भाऊ असे चौघे आहोत. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नाही.

घरातले सारे आर्थिक व्यवहार वडील एकटेच पाहत असत. कपाटात दोन फायली, तीन पासबुके आणि एक डायरी सापडली आहे. डायरीतील नोंदी त्यांच्या स्वतःपुरत्या आहेत. कुठे एकच अक्षर आणि पुढे आकडा, कुठे नुसती तारीख आणि बरोबरची खूण. आईला गृहकर्ज आहे एवढे ठाऊक आहे, कारण त्यावर तिचीही सही आहे. यापलीकडे तिला काही सांगता येत नाही, आणि प्रत्येक प्रश्नासरशी ती अधिकच खचते असे मला जाणवते.

नातेवाईकांचा आग्रह असा की पहिल्यांदा बँकेत जाऊन खाते बंद करावे आणि रक्कम आईच्या नावावर घ्यावी, म्हणजे एक काम हातावेगळे होईल. खात्यावर आईचे नाव नॉमिनी म्हणून आहे. मला मात्र असे वाटते की त्या खात्यातून काय काय जाते आणि त्यात काय काय येते, हे कळण्याआधीच ते बंद केले तर पुढचा मागोवाच तुटेल. आणखी एक गोष्ट लपवत नाही: चौथ्या दिवशी घरखर्चासाठी भावाने वडिलांच्या कार्डाने एटीएममधून दोनदा पैसे काढले. ते योग्य झाले का, नसेल तर आता काय करावे? सुरुवात कुठून करावी, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काउंटरपलीकडून

आपल्या दुःखात सहभागी आहे. मी बँकेत ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो; मृत खातेदारांचे दावे हाताळणे हे त्यांतील बरीच वर्षे माझेच काम होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपली शंका रास्त आहे, परंतु त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. बँकेला मृत्यूची सूचना देणे ही एक गोष्ट आणि दावा करून खाते बंद करणे ही दुसरी. सूचना ताबडतोब द्यावी. दाव्याला थोडा वेळ घेतला तरी चालतो. सूचना देण्यापूर्वी तिन्ही खात्यांची पासबुके अद्ययावत छापून घ्यावीत आणि शक्य असल्यास मागील किमान दोन वर्षांचा उतारा मागावा. एक वर्ष पुरत नाही, कारण विम्याचे हप्ते, मालमत्ता कर, लाभांश अशा गोष्टी वर्षातून एकदाच दिसतात आणि त्या नेमाने येतात की एकदाच आल्या हे दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहिल्याशिवाय उमगत नाही.

सूचना दिल्यावर खात्यातून पैसे जाणे थांबते. पण त्या खात्यात येणाऱ्या रकमांचे काय, हा प्रश्न फारसे कुणी विचारत नाही. मुदत ठेवीचे व्याज, प्राप्तिकराचा परतावा, शेवटच्या महिन्याचा पगार हे सारे त्याच खात्याच्या वाटेवर असते. यासाठी ‘दिवंगत अमुक यांची मालमत्ता’ अशा नावाचे खाते उघडून येणाऱ्या रकमा त्यात जमा करण्याची सोय बँका वारसांच्या किंवा नॉमिनीच्या संमतीने करू शकतात. अन्यथा रक्कम ‘खातेदार मृत’ असा शेरा मारून पाठवणाऱ्याकडे परत जाते. परत गेलेली रक्कम पुन्हा मिळवणे अशक्य नसते, पण प्रत्येक रकमेमागे नवे पत्र, नवा दाखला आणि नवे खेटे. म्हणून दाव्याचा अर्ज करताना ही गोष्ट व्यवस्थापकांशी स्पष्ट बोलावी.

कार्डाविषयी: खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याचे कार्ड, चेक किंवा मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय वापरण्याचा अधिकार घरातल्या कुणालाही नसतो, नॉमिनीलाही नाही. भावाने वाईट हेतूने केलेले नाही हे कुणालाही समजेल. तरीही पुढे एकही व्यवहार करू नये. बँकेला सूचना देताना ते दोन व्यवहार आपणहून सांगावेत आणि त्या पैशांचा खर्च कशावर झाला हे लिहून ठेवावे. काउंटरपलीकडे बसून मी पाहिले आहे की रकमेवरून वाद क्वचितच होतात, लपवण्यावरून मात्र हमखास होतात.

वडिलांचे सिमकार्ड मात्र चालू ठेवावे. पैसे पाठवण्यासाठी मुळीच वापरू नये. पण विमा कंपन्यांचे आणि गुंतवणुकीचे संदेश त्याच क्रमांकावर येत राहतील आणि कागदांत न सापडलेली एखादी गोष्ट एखाद्या संदेशातून समोर येईल.

वहीचे_पान

काका, मनःपूर्वक आभार. उद्याच सूचनेचे पत्र देते. नॉमिनी आई आहे, म्हणजे पैसे तिचेच झाले, असे समजायचे का?

काउंटरपलीकडून

नाही. नॉमिनी म्हणजे बँकेने ज्याच्या हाती रक्कम सोपवली की बँक जबाबदारीतून मोकळी होते ती व्यक्ती. मालकी वारसा कायद्याने ठरते, आणि नॉमिनीने ती रक्कम वारसांसाठी विश्वस्त म्हणून धरायची असते. विमा पॉलिसीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात सांगितले, आणि शेअर व म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही नॉमिनी आपोआप मालक होत नाही, हे डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. विम्याच्या कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना ‘लाभार्थी’ नॉमिनी मानण्याची तरतूद आली. तिच्या अर्थावरूनही न्यायालयांत वाद झालेले आहेत, म्हणून आज त्यात शिरत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की आईंना रक्कम मिळण्यात अडचण नाही. नॉमिनी असताना बँकेने वारसा प्रमाणपत्राचा आग्रह धरू नये, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे, आणि कागदपत्रे पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. ती रक्कम हाती आल्यावर ती कुणाकुणाची आहे, हा प्रश्न घरात सोडवायचा.

नमुना_सहा

येथे एक गोष्ट तातडीने सांगितली पाहिजे, कारण मूळ लेखात ती आहे आणि अजून कुणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. आजी हयात आहेत. आपले कुटुंब हिंदू वारसा कायदा, १९५६ खाली येत असेल, तर मृत्युपत्राविना गेलेल्या पुरुषाच्या वर्ग एकच्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर त्याची आईही येते, आणि तिचा हिस्सा इतरांएवढाच असतो. म्हणजे वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत आई, आजी, आपण आणि भाऊ यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश वाटा होतो.

महसूल खात्यात असताना मी असे कितीतरी वारस अर्ज पाहिले आहेत ज्यांत पत्नी आणि मुले तेवढी लिहिलेली असतात आणि म्हातारी आई राहून गेलेली असते. बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. ‘ती तर आपल्यातच आहे’ या भावनेने ती राहून जाते. पण अर्जावर खाली प्रतिज्ञापत्र असते आणि त्यात ‘याखेरीज अन्य वारस नाहीत’ हे वाक्य असते.

दुसरे असे की आजींच्या वाट्याचा विचार आज केला नाही तर उद्या तो अधिक गुंतागुंतीचा होतो. त्यांच्या पश्चात, मृत्युपत्र नसेल तर, त्यांचा हिस्सा त्यांच्या सर्व मुलामुलींकडे जातो आणि दिवंगत मुलाच्या वाट्याला त्याची मुले उभी राहतात. आपल्याला आत्या किंवा काका असतील तर आज चौघांत असलेला प्रश्न त्या दिवशी कितीजणांत जाईल, हे आपणच मोजून पाहावे.

शेतजमीन असल्यास तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे वारसाची माहिती तीन महिन्यांच्या आत द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४९ सांगते. वारस नोंदवहीत नावे येतात, मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतो. मात्र सातबाऱ्यावर नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. तो महसुली अभिलेख आहे.

वहीचे_पान

आजीचा विचार माझ्या मनात खरोखरच आला नव्हता, हे कबूल करते. गावाकडे आजोबांची थोडी जमीन आहे आणि सातबाऱ्यावर वडिलांचे नाव काका आणि आत्यांबरोबर आहे. तीन महिन्यांच्या मुदतीचेही ठाऊक नव्हते.

आणखी एक विचारते. पासबुकात दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले आहेत. सर्वांत जुन्या पासबुकात हीच नोंद ३३० रुपयांची आहे. समोर इंग्रजी अक्षरांचे काहीतरी संक्षिप्त रूप आहे, ते अर्धवट छापले गेले आहे. डायरीत त्याच तारखांना नुसती बरोबरची खूण आहे. हे काय असावे?

हिशेबी

ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना आहे. तिचा वार्षिक हप्ता आधी ३३० रुपये होता आणि १ जून २०२२ पासून तो ४३६ झाला. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते, म्हणून मेअखेरची वजावट. संरक्षण वयाच्या ५५ व्या वर्षापर्यंत असते आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख रुपये मिळतात. वडील ५३ वर्षांचे होते आणि यंदाचा हप्ता गेलेला असेल, तर ज्या बँकेतून तो वजा झाला त्याच शाखेत दाव्याचा अर्ज द्यावा, आणि विलंब करू नये. त्याच सुमारास २० रुपयांची वजावट दिसली, तर ती अपघात विम्याची. ती या प्रसंगी लागू होणार नाही. मूळ प्रश्नात आपण ‘मागोवा तुटेल’ असे लिहिले होते, त्याचे याहून चांगले उदाहरण नसेल. खाते घाईने बंद झाले असते तर ही ओळ पुन्हा कुणी वाचली नसती.

मी एका कारखान्याच्या वेतन विभागात काम करतो. वडील नोकरीत असताना गेले म्हणून भविष्य निर्वाह निधीच्या तीन वेगळ्या गोष्टी मागायच्या आहेत, आणि कंपनीकडून बहुधा पहिलीच सांगितली जाते. साठलेल्या रकमेसाठी नमुना २०, कुटुंबाच्या निवृत्तिवेतनासाठी नमुना १०-डी, आणि ठेवीशी निगडित विम्यासाठी नमुना ५-आयएफ. या तिसऱ्या योजनेत कामगाराकडून काहीही कापले जात नाही, हप्ता मालक भरतो. म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर तिचा मागमूस नसतो आणि घरच्यांना ती ठाऊक नसते. तिची कमाल रक्कम ७ लाख रुपये आहे. निवृत्तिवेतनात आईंबरोबर २५ वर्षांखालील मुलांनाही वेगळी रक्कम मिळते, म्हणजे भाऊ अजून त्यात बसतो.

कंपनीकडे नामांकनाचा जुना नमुना मागून पाहावा. त्यावरची तारीख महत्त्वाची आहे.

वहीचे_पान

नमुना मिळाला. वडिलांनी नोकरीला लागताना, म्हणजे लग्नापूर्वी, आजीचे नाव लिहिले होते आणि पुढे ते बदललेच नाही. घरात हे कळल्यावर थोडी शांतता पसरली. आजी म्हणाली, मला काही नको. आई काही बोलली नाही.

हिशेबी

तारीख याच शंकेने विचारली होती. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत लग्नानंतर नव्याने नामांकन करायचे असते आणि लग्नापूर्वीचे नामांकन अवैध मानले जाते. त्यामुळे ही रक्कम त्या कागदावरून आजींना एकट्यांना जाणार नाही आणि ‘मला काही नको’ असे त्यांना म्हणावेही लागणार नाही. वैध नामांकन नसेल तर ती कुटुंबातील पात्र व्यक्तींमध्ये समान वाटली जाते. योजनेतील ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या वारसा कायद्याहून निराळी आहे; अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात, पण सज्ञान मुलगा असला तर त्याला वाटा मिळत नाही. भावाला हे आधीच समजावून सांगावे, नाहीतर त्याला उगाच डावलल्यासारखे वाटेल.

दुसरी_बाजू

मी हा धागा सुरुवातीपासून वाचत आहे आणि मला एक गोष्ट खटकते. ज्या घरात चार माणसे एकत्र राहतात आणि एकमेकांवर जीव लावतात, त्या घरात तीन आठवड्यांत चतुर्थांश, विश्वस्त, प्रतिज्ञापत्र हे शब्द येऊ लागले आहेत. आमच्याकडे वडील गेले तेव्हा आम्ही भावंडांनी कुठलाही हिशेब मांडला नाही. मोठ्या भावाने सारे निस्तरले आणि आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला. शिवाय व्यवहार सोपा व्हावा म्हणून बहिणींनी लगेच हक्कसोडपत्र करून दिले. प्रत्येक गोष्ट कायद्याने मोजायची तर घर राहत नाही.

सरळरेषा

आपली भावना समजते, पण मी आपल्या त्या मोठ्या भावाच्या जागी होतो, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो.

माझी आई गेल्यावर सारे मीच पाहिले. रुग्णालयाची अखेरची देयके, दाखले, घराची दुरुस्ती, वडिलांच्या औषधांचा खर्च, वकिलाचे शुल्क. काही पैसे माझ्या खिशातून गेले, काही आईच्या ठेवीतून आलेल्या रकमेतून. मी काहीही लिहून ठेवले नाही, कारण लिहिणे मला अपमानास्पद वाटले. घरच्यांसाठी केलेल्या खर्चाची काय नोंद ठेवायची, असे वाटले. दोन वर्षांनी बहिणीने अगदी साध्या आवाजात विचारले, ‘दादा, त्या ठेवीतले किती उरले आहेत?’ तिला तिच्या मुलीच्या प्रवेशासाठी पैशांची गरज होती, संशय अजिबात नव्हता. आणि मला उत्तर देता आले नाही. मी आठवून आठवून एक आकडा सांगितला, दुसऱ्या दिवशी तो बदलला, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याच बायकोने तिसरा आकडा सांगितला. बहीण काही बोलली नाही. पण त्यानंतर तिने कधी काही विचारलेही नाही, आणि ते न विचारणे मला आजही टोचते.

विश्वास होता म्हणूनच तर हिशेब लिहायला हवा होता. संशय असता तर लिहिलाच असता.

म्हणून मूळ लेखिकेस माझे सांगणे असे: वडील गेले त्या दिवसापासूनची वेगळी वही करा. कागदाची असली तरी चालेल. मी आता वडिलांसाठी भावंडांना दिसेल अशी सामायिक तक्ता-फाइल वापरतो. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात: तारीख, रक्कम, कशासाठी, आणि पैसे कुणाच्या खिशातून गेले. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तीच नेमकी राहते. भावाने एटीएममधून काढलेली रक्कम ही त्या वहीतली पहिली नोंद असू द्या. मग ती चूक उरणार नाही, ती वडिलांच्या मालमत्तेतून घरखर्चासाठी घेतलेली उचल होईल. वडिलांच्या पैशांतला खर्च आणि आपल्या पगारातला खर्च एकाच खात्यातून करू नका. महिनाअखेरीस ती वही आई, आजी आणि भाऊ यांच्यासमोर बसून वाचा. वाचा असे मुद्दाम म्हणतो, पाठवू नका. पाठवलेला हिशेब कुणी उघडत नाही, आणि उघडला तर एकट्याने वाचतो आणि एकट्यानेच त्याचा अर्थ लावतो.

मधली_बहीण

हक्कसोडपत्राबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे. पहिल्या काही महिन्यांत कुणीही, मुलीने, मुलाने किंवा आजीने, हक्क सोडण्याच्या कागदावर सही करू नये. ‘व्यवहार सोपा व्हावा म्हणून’ हे कारण मीही ऐकले होते. स्थावर मालमत्तेतील हक्कसोड नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि एकदा झाली की मन बदलले म्हणून परत फिरवता येत नाही. वाटणी नंतर करता येते. आज फक्त सर्व वारसांची नावे लावून घ्यायची आहेत. ही दोन कामे निराळी आहेत आणि ती मुद्दाम एक करून सांगितली जातात.

मी सही केली तेव्हा आमच्या आईच्या नावावर घर राहील, असे मला वाटत होते. दस्त वाचला तेव्हा कळले की हक्क भावाच्या नावे सोडला होता. भाऊ वाईट नाही. पण आईला पुढे स्वतःच्याच घरासाठी त्याच्या सहीची गरज लागली, आणि ते तिला शेवटपर्यंत लागून राहिले.

सदनिका गृहनिर्माण संस्थेत असेल तर तेथेही घाई करू नये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरते सदस्य केले जाते. आईंना तेवढे करून घेऊ द्यावे; देखभाल शुल्क आणि मतदान यांचे काम अडत नाही.

दुसरी_बाजू

वरच्या दोन्ही प्रतिसादांनंतर मी आज बहिणीला फोन केला आणि हक्कसोडपत्राची प्रत तिच्याकडे आहे का, असे विचारले. तिच्याकडे प्रत नाही. माझ्याकडेही नाही. यापुढे या धाग्यावर मी वाचकच राहीन.

काउंटरपलीकडून

किरकोळ वाटणाऱ्या, पण वेळ खाणाऱ्या काही गोष्टी सांगतो. मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि पासबुकातले नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. कुठे मधले नाव आद्याक्षराने असते, कुठे आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग निराळे असते. दाखल्यात चूक असेल तर ती निबंधकाकडून दुरुस्त करून मगच जादा प्रती घ्याव्यात. इतर कागदांतल्या फरकासाठी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र चालते. मूळ दाखला दाखवावा, देऊ नये.

पॅन सगळ्यांत शेवटी परत करावे. वडिलांच्या निधनाच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाला भरावे लागते. त्यासाठी आयकराच्या संकेतस्थळावर वारस प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते, आणि परतावा हाती येईपर्यंत तो क्रमांक लागतो. त्या दिवसानंतरचे ठेवीवरचे व्याज वडिलांचे उत्पन्न नसते, हे करसल्लागाराला आठवण करून द्यावे. पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते, असेल तर नॉमिनीला ते पुढे चालवता येत नाही, बंदच करावे लागते. वाहन असेल तर परिवहन कार्यालयाला ३० दिवसांत मृत्यू कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलावे, आणि त्याबरोबर विम्यावरचेही. हे राहते आणि अपघात झाल्यावरच आठवते.

गृहकर्जाकडे मात्र नीट पाहावे. इतर कर्जांसाठी वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या पगारातून ती फेडण्याची सक्ती नाही. क्रेडिट कार्डाच्या वसुलीसाठी कुणी फोनवर धाक दाखवू लागले तर हे लक्षात ठेवावे. पण आई सहकर्जदार आहेत, म्हणून त्यांची जबाबदारी पूर्ण आहे आणि हप्ता चुकला तर नोंद त्यांच्या नावावर होते. हप्ता वडिलांच्या खात्यातून जात असेल तर सूचना दिल्यानंतर तो थांबेल, म्हणून आईंच्या खात्यातून तो सुरू करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. कर्ज घेताना त्याला जोडून विमा उतरवला होता का, हे मंजुरीपत्रात पाहावे.

कागदांत न सापडलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. दहा वर्षे कुणी न विचारलेल्या ठेवी तेथे नावावरून शोधता येतात.

वहीचे_पान

चार महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे.

बँकेतले दोन दावे निकाली निघाले. तिसऱ्या ठिकाणी नॉमिनीच नव्हता, तेथे चौघांच्या सह्या लागल्या आणि दोन फेऱ्या जास्त झाल्या. विमा योजनेचे २ लाख आले. कंपनीकडे ५-आयएफचे नाव घेतल्यावर समोरच्या व्यक्तीने ‘हो, तेही असते’ असे शांतपणे सांगितले. तो दावा मंजूर झाला आहे, निवृत्तिवेतनाचा अर्ज अजून चालू आहे. कर्जाला विमा नव्हता. हप्ता आता आईच्या खात्यातून जातो, आणि त्या खात्यात कुणी किती घालायचे ते वहीत लिहिले आहे.

गावाकडच्या फेरफारात आजीसह चौघांची नावे लागली. आजीने मृत्युपत्र करायचे ठरवले आहे, काय लिहायचे ते तिने आम्हाला सांगितलेले नाही आणि आम्ही विचारलेलेही नाही.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वही वाचतो. पहिल्या दोन वेळा आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिसऱ्या वेळी तिने मध्येच थांबवून विचारले, की विजेचे देयक या महिन्यात एवढे का. गेल्या रविवारी वही तिनेच वाचली, आणि माझी एक बेरीज चुकली होती ती दाखवली. आता डायरीतली वडिलांची अक्षरेही तीच लावून देते. ‘द’ म्हणजे दुरुस्तीनिधी, हे मला कधीच कळले नसते. दोन अक्षरे अजून लागलेली नाहीत, त्यांपैकी एकापुढे दर जानेवारीत एकच रक्कम आहे. या जानेवारीत त्यांच्या मोबाइलवर काही संदेश येतो का ते पाहण्यासाठी सिमकार्ड तोवर चालू ठेवणार आहोत.

हिशेबी

ती रक्कम इथे लिहू नका, पण ज्या तारखेची नोंद आहे त्या तारखेचा तिन्ही खात्यांचा उतारा एकत्र ठेवून पाहा. एखाद्या खात्यातून दर जानेवारीत एवढीच रक्कम वजा झालेली असेल तर ती बहुधा लॉकरचे भाडे आहे. लॉकर असेल तर एकट्याने उघडायला जाऊ नका. चौघांनी मिळून जा आणि आतल्या वस्तूंची यादी बँकेच्या अधिकाऱ्यासमोर, साक्षीदारांच्या सह्यांनिशी करून घ्या.

वहीचे_पान

लॉकर आहे. किल्ली डायरीच्या पुठ्ठ्यात, आतल्या बाजूला चिकटवलेली होती. आईला सापडली. सोमवारी चौघे जात आहोत.